बेरीज जुळली, नावं घसरली

बेरीज जुळली म्हणजे यादी बरोबर, हा समज आमच्या सोसायटीत वार्षिक सभेच्या तोंडावर मोडला. ज्या काकूंचा चेक सगळ्यांच्या आधी येतो, त्यांच्या हातात थकबाकीची नोटीस पडली. आणि ज्यांनी कित्येक महिने मेंटेनन्स भरला नाही ते शेजारी निवांत. काकू तडक ऑफिसात आल्या. खजिनदार त्यांना पुन्हा पुन्हा बेरीज दाखवत राहिले, आणि बेरीज खरोखरच पै न् पै बरोबर होती.

मला कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळतं, म्हणून फाइल माझ्याकडे आली. नावं वर्डच्या टेबलात, थकबाकीचे आकडे एक्सेलमध्ये. यादी करणाऱ्याने वर्डमधला नावांचा रकाना उचलून आकड्यांशेजारी पेस्ट केला होता. त्या रकान्यात एका घरात (सेलमध्ये) दोन नावं होती: सभासद, आणि एंटर मारून खाली सहयोगी सभासद. वर्डच्या लेखी एंटर म्हणजे त्याच घरातला नवा परिच्छेद. एक्सेलने मात्र त्याची वेगळी ओळ केली. तिथून खालचं प्रत्येक नाव एक घर घसरलं आणि पुढच्या सभासदाच्या आकड्यासमोर जाऊन बसलं. आकडे हललेच नाहीत, मग बेरीज बिघडेल कशी? सगळ्यात शेवटच्या नावासमोर रिकामं घर उरलं होतं. ते कुणी तपासलं नाही, ‘बाकी निरंक’ समजून पुढे गेले. फ्लॅट नंबरचा रकाना जागा वाचवायला काढून टाकलेला, नाहीतर पहिल्या नजरेत पकडलं गेलं असतं.

म्हणून एकटा रकाना कधी हलवू नये. ओळखीचा आकडा, म्हणजे फ्लॅट नंबर, हजेरी क्रमांक, खाते क्रमांक, जे असेल ते नावासोबत न्यावं. पेस्ट झाल्यावर बेरीज नव्हे, शेवटची ओळ बघा. ती मूळ यादीच्या शेवटच्या ओळीशी जुळली नाही, तर मधे कुठेतरी घसरण आहे.

कॉपी करण्याआधी वर्डमध्ये कंट्रोल-शिफ्ट-८ दाबलं की एरवी न दिसणाऱ्या खुणा दिसतात. प्रत्येक घराच्या शेवटी एक बारीक गोल खूण असते. त्या खुणेच्या आधी परिच्छेदाचं चिन्ह दिसलं की समजावं, इथे एंटर आहे. रकाना निवडून ‘रिप्लेस’ उघडा, ‘मोअर’ आणि मग ‘स्पेशल’मधून ‘पॅराग्राफ मार्क’ घ्या आणि त्याजागी तिरकी रेघ घाला. उरलेल्या फाइलमध्येही शोधू का, असं वर्ड विचारेल, नाही म्हणा. शिफ्ट-एंटरने तोडलेल्या ओळीही तशाच फुटतात, त्यांच्यासाठी ‘मॅन्युअल लाइन ब्रेक’.

वर्डमधून वर्डमध्ये नेतानाही हीच गोल खूण महत्त्वाची. ती सोडून फक्त मजकूर उचलला तर मजकूरच जातो. खुणेसकट घरं उचलली तर पेस्टच्या जागची घरं पुसली जाऊ शकतात, किंवा टेबलाच्या पोटात पिल्लू टेबल तयार होतं. अख्खी ओळ, म्हणजे उजव्या कडेबाहेरच्या खुणेसकट, उचलली तर ती नवी ओळ म्हणून मधे शिरते. पेस्ट झाल्यावर कोपऱ्यात येणारं छोटं बटण बहुतेक जण त्रासिक चेहऱ्याने घालवून टाकतात. ते उघडून बघावं, यातलं काय झालंय ते तिथेच कळतं आणि बदलताही येतं.

एक्सेलची आणखी एक खोड गावाकडच्या कागदांत फार नडते. गट नंबर १२/३ पेस्ट केला की त्याची तारीख होते. खाते क्रमांक सोळा आकडी असेल तर शेवटचा आकडा शून्य होतो, कारण एक्सेल पंधराच आकडे धरून ठेवतं. नंतर फॉरमॅट बदलून गेलेला आकडा परत येत नाही. आधी रकाना ‘टेक्स्ट’ करायचा आणि मग ‘मॅच डेस्टिनेशन फॉरमॅटिंग’ने पेस्ट करायचं.

जुन्या फायली श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये असतील तर असं साधं पेस्ट केल्यावर फॉन्ट गळतो आणि नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. घाबरून पुन्हा टाइप करत बसू नका. रकाना निवडून तोच फॉन्ट परत लावा, नावं जशीच्या तशी येतात.