नवा फोन येणार आहे म्हणे!

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यात सोयाबीनची रास झाली, माल बाजारात गेला आणि हाती चार पैसे आले, की घरोघरी खरेदीचे बेत सुरू होतात. कुणाला घरावर पत्रे टाकायचे असतात, कुणाला शिवणयंत्र हवे असते, तर कुणाला मोबाइल फोन. फोनचा विषय निघाला, की एक तरी जण हमखास म्हणतो, "आत्ताच घेऊ नका. दिवाळीनंतर नवा येणार आहे म्हणे!" दुसरा सांगतो, "किमती उतरणार आहेत म्हणे!" तिसऱ्याजवळ तर त्याहून मोठी बातमी असते, "उन्हावर चार्ज होणारा फोन निघालाय म्हणे!"

आपल्या भाषेतला हा ‘म्हणे’ मोठा मौजेचा शब्द आहे. बोलणारा बातमी तर देतो, पण तिची जबाबदारी मात्र घेत नाही. मग अशी बातमी खरी मानावी की खोटी? सरसकट खरी मानू नये आणि सरसकट खोटीही मानू नये. तिचे तुकडे करावेत आणि एकेक तुकडा विज्ञानाच्या व गणिताच्या कसोटीवर घासून पाहावा. ते कसे करायचे, हे आज आपण पाहू.

वेळेआधी फुटलेली बातमी

प्रथम एक खरी गोष्ट ऐका. अ‍ॅडम ऑस्बर्न नावाचे एक गृहस्थ होते. त्यांचे बालपण तमिळनाडूत गेले होते. पुढे अमेरिकेत त्यांनी संगणकाची कंपनी काढली आणि १९८१ साली ‘ऑस्बर्न-१’ हा संगणक बाजारात आणला. त्याचे वजन होते सुमारे ११ किलो आणि पडदा अवघा ५ इंचांचा! तरीही तो पेटीसारखा उचलून नेता येई, म्हणून लोकांनी त्याचे मोठे स्वागत केले. त्याची किंमत १,७९५ डॉलर होती.

१९८३ च्या सुरुवातीला ऑस्बर्न यांनी आपल्या पुढच्या, अधिक चांगल्या यंत्रांविषयी आधीच सांगून टाकले. झाले! गिऱ्हाइकांनी विचार केला, "नवा येणारच आहे, तर जुना कशाला घ्या?" दुकानदारांनी मागण्या रद्द केल्या. जुना माल पडून राहिला, पैशाची आवक आटली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मोठ्या पडद्याचे संगणकही तिला जड गेले होते, हे खरे. पण अकाली फुटलेल्या बातमीने विक्री बसते, या गोष्टीला तेव्हापासून ‘ऑस्बर्न परिणाम’ असे नावच पडले.

या प्रसंगापासून कंपन्यांनी धडा घेतला. नवे यंत्र दुकानात ठेवण्याची वेळ येईपर्यंत त्या सहसा तोंड उघडत नाहीत. पण गिऱ्हाइकाला तर उत्सुकता असते. जिथे पक्की माहिती मिळत नाही, तिथे अंदाज शिरतो. आणि अंदाज दहा तोंडांतून फिरला, की त्याची ‘बातमी’ होते.

काही अंदाजांना आधारही असतो. भारतात विकायच्या प्रत्येक मोबाइलची भारतीय मानक ब्युरोकडे नोंदणी करावी लागते. त्या नोंदीत एखादा नवा क्रमांक दिसला, की जाणकार ओळखतात, अमुक कंपनीचा फोन येतो आहे. इथपर्यंत ठीक. पण त्या नोंदीवरून त्याची किंमत कळत नाही, की कॅमेरा कसा असेल हेही कळत नाही. नोंद एका ओळीची असते. उरलेली गोष्ट सांगणाराच रचतो.

दुपटीचा हिशेब

"नवा फोन जुन्यापेक्षा वेगवान असेल," ही बातमी मात्र बहुधा खरी ठरते. असे का? फोनच्या पोटात सिलिकॉनची चिप असते आणि तिच्यावर ट्रान्झिस्टर नावाचे अतिसूक्ष्म विद्युत-खटके कोरलेले असतात. गॉर्डन मूर या शास्त्रज्ञाने १९६५ साली असे निरीक्षण मांडले, की एका चिपवरील घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत आहे. १९७५ साली त्याने हा काळ सुधारून दोन वर्षे केला.

आता वही-पेन्सिल घ्या. १९७१ सालच्या ‘इंटेल ४००४’ या चिपवर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. २०२३ साली आयफोनमध्ये बसवलेल्या ‘ए-१७ प्रो’ या चिपवर ते १,९०० कोटी होते. २,३०० ला किती वेळा दुप्पट केले म्हणजे १,९०० कोटी होतात? करून पाहा. उत्तर येईल २३ वेळा. ५२ वर्षांत २३ दुपटी, म्हणजे एका दुपटीला सुमारे सव्वादोन वर्षे. मूरचा अंदाज किती जवळ होता पाहा!

म्हणून चिपविषयीची आशा वाजवी आहे. पण याच हिशेबात आणखी एक गोष्ट दडली आहे. ‘पुढच्या वर्षी याहून चांगला येईल’ हे वाक्य गेली पन्नास वर्षे खरे ठरत आले आहे. जी गोष्ट दरवर्षी खरी असते, ती केवळ याच वर्षी थांबण्याचे कारण कशी होईल?

बॅटरी मागे का राहते?

चिपचा हा वेग लोक फोनच्या इतर भागांनाही लावतात, आणि तिथेच चुकतात. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली प्रथम बाजारात आली. तेव्हा एक किलो वजनाच्या बॅटरीत सुमारे ८० वॅट-तास ऊर्जा मावत असे. आज ती २५० ते ३०० च्या आसपास मावते. म्हणजे तीन दशकांहून अधिक काळात वाढ किती? तीन-साडेतीन पट. तेवढ्याच काळात चिपवरील ट्रान्झिस्टर हजारो पटींनी वाढले.

कारण सोपे आहे. ट्रान्झिस्टरला फक्त ‘चालू’ किंवा ‘बंद’ एवढेच सांगायचे असते. तो लहान केला तरी काम तेच करतो. बॅटरीत मात्र ऊर्जा साठवायची असते. लिथियमचा प्रत्येक आयन एकच विद्युतभार वाहतो आणि त्या आयनाला लहान करता येत नाही. पोते लहान केले, तर धान्यही कमीच मावणार!

आता त्या उन्हावर चालणाऱ्या फोनकडे वळू. २०२१ नंतर ‘टेस्ला पाय’ नावाच्या फोनची चित्रे व चित्रफिती जगभर फिरल्या. तो म्हणे पाठीवरच्या सौरपट्टीने चार्ज होतो. मुळात ती चित्रे कल्पनेने काढलेली होती. कंपनीने असा फोन बाजारात आणलेला नाही. पण समजा, हे आपल्याला ठाऊकच नाही. तरी शाळेतले गणित वापरून बातमी तपासता येईल की नाही? येईल.

फोनची पाठ साधारण १६ सें.मी. लांब आणि साडेसात सें.मी. रुंद, म्हणजे १२० चौरस सें.मी. लख्ख दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे १,००० वॅट इतकी सूर्याची शक्ती पडते. चौरस मीटर म्हणजे १०,००० चौरस सें.मी.; म्हणून फोनच्या वाट्याला १२ वॅट येतील. चांगली सौरपट्टी त्यातला सुमारे पाचवा हिस्सा विजेत बदलते. म्हणजे हाती आले २.४ वॅट. फोनची बॅटरी ५,००० मिलिअँपिअर-तासांची आणि ३.८ व्होल्टची धरली, तर तिच्यात १९ वॅट-तास मावतात. १९ ला २.४ ने भागा. उत्तर सुमारे ८ तास!

म्हणजे परंड्याच्या किंवा भूमच्या माळावर, डोक्यावरच्या कडक उन्हात फोन आठ तास ठेवायला हवा. पण भर दुपारचे ऊन आठ तास टिकते कुठे? शिवाय तेवढ्या उष्णतेने बॅटरीच खराब होईल, ते वेगळेच. ‘पंधरा मिनिटांत उन्हावर पूर्ण चार्ज’ असे कुणी सांगितले, तर आता काय उत्तर द्यायचे, ते तुम्हीच ठरवा.

अर्धे खरे, अर्धे खोटे

सर्वांत फसवी बातमी असते ती अर्धी खरी. भारतात ५-जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. त्या वेळी सर्वत्र बोलले जाई, "अपडेट येणार आहे, मग आपल्याही फोनवर ५-जी चालेल." हे खरे होते की खोटे? दोन्ही! अनेक महाग फोनांत ५-जीचे लहरीग्राहक भाग आधीच बसवलेले होते, पण भारतातील सेवेसाठी ते चालू केलेले नव्हते. अपडेट आला आणि ते सुरू झाले. आयफोनला असा अपडेट डिसेंबर २०२२ मध्ये मिळाला. ज्या फोनांत मुळात ४-जीचेच भाग होते, त्यांना मात्र कोणताही अपडेट उपयोगी पडणार नव्हता.

हे नीट समजण्यासाठी रेडिओचे उदाहरण घ्या. धाराशिवचे आकाशवाणी केंद्र एफ.एम.वर ऐकू येते. तुमच्या घरच्या जुन्या रेडिओत केवळ मीडियम वेव्हची सोय असेल, तर त्याची कळ कितीही फिरवा, ते केंद्र लागणार नाही. यंत्रात जो भाग नाही, तो सूचना पाठवून निर्माण होत नाही. अपडेट म्हणजे सूचनांची नवी यादी. यंत्राचे नवे अवयव त्यातून येत नाहीत.

शाळेतील संगणकांबाबतही असेच झाले. विंडोज-१० ही प्रणाली २०१५ साली आली, तेव्हा ती विंडोजची शेवटची आवृत्ती, असे बोलले गेले. तरीही ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज-११ आलीच. मग १४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख जाहीर झाली आणि कुजबुज सुरू झाली, "त्या दिवशी जुने संगणक बंद पडणार!" खरे काय होते? त्या दिवसापासून विंडोज-१० ला मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या. संगणक बंद पडले नाहीत. वाड्याचा राखणदार गेला म्हणून वाडा कोसळत नाही. पण दाराला कडी नीट लावावी लागते, हेही तितकेच खरे. विंडोज-११ ला लागणारी सुरक्षा-चिप बऱ्याच जुन्या संगणकांत नसते. अशा संगणकावर लिनक्स ही मोफत प्रणाली बसवून तो वापरात ठेवता येतो. केरळातील सरकारी शाळा लिनक्सचा वापर कित्येक वर्षे करीत आल्या आहेत.

किमतीची कसोटी

फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘फ्रीडम २५१’ नावाचा स्मार्टफोन केवळ २५१ रुपयांत मिळणार, अशी जाहिरात झाली. नोंदणीसाठी इतकी झुंबड उडाली, की कंपनीची संगणक-यंत्रणाच कोलमडली. अशा फोनच्या नुसत्या सुट्या भागांची किंमत सुमारे २,७०० रुपये होते, असे मोबाइल उद्योगाच्या संघटनेने सरकारला कळवले होते. पुढे फेब्रुवारी २०१७ मध्ये एका वितरकाच्या फसवणुकीच्या तक्रारीवरून कंपनीच्या संचालकाला अटक झाली. भागांची बेरीज २,७०० आणि विक्रीची किंमत २५१! हे वजाबाकीचे उदाहरण तिसरीतल्या मुलालाही सोडवता आले असते.

सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराचे दर बदलले. फोन स्वस्त होतील, अशी पुष्कळांची समजूत झाली. मोठ्या टीव्हीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. मोबाइलवरचा मात्र होता तेवढाच, १८ टक्के, राहिला. वर्ष संपता संपता तर मेमरी-चिपांचे भाव चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारलेल्या अजस्र संगणक-केंद्रांनी त्यांची मागणी वाढवली. थांबले की स्वस्तच मिळते, असा काही निसर्गनियम नाही.

थांबण्याचीही किंमत असते

समजा, १२,००० रुपयांचा फोन तीन महिन्यांनी ११,००० ला मिळणार आहे. थांबल्याने १,००० रुपये वाचले, असे आपण म्हणतो. पण त्या तीन महिन्यांत काय अडले, ते कोण मोजणार? महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी स्वतः शेतात उभा राहून पिकाचे छायाचित्र घेतो आणि त्याची नोंद सातबाऱ्यावर होते. ही नोंद ठरलेल्या मुदतीतच करावी लागते. घरातला एकमेव फोन नादुरुस्त असेल, तर दुसऱ्याच्या फोनसाठी धावाधाव करावी लागते, आणि बहिणीचा अभ्यासही अडतो. उलट, चालू फोन ठीक काम देत असेल आणि कोरडवाहू शेतीचा पैसा बियाण्यासाठी राखून ठेवायचा असेल, तर कितीही नवा फोन आला तरी तो न घेणेच शहाणपणाचे. दोन्ही वेळा निर्णय गरजेवरून होतो. बाजारातल्या कुजबुजीचा त्यात संबंधच येत नाही.

करून पाहा

वर्गातील मुलांनी येत्या महिन्यात ऐकलेल्या अशा दहा बातम्या एका वहीत तारखेसह लिहून ठेवाव्यात. प्रत्येकीपुढे चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत. ही बातमी प्रथम कोणी सांगितली? ती चिपविषयी आहे की ऊर्जेविषयी? त्यासाठी यंत्रात नवा भाग लागेल की नुसत्या सूचना पुरतील? भागांची बेरीज किमतीशी जुळते का? मग वही शिक्षकांकडे ठेवून द्यावी आणि सहा महिन्यांनी उघडावी. कोणत्या प्रकारच्या बातम्या खऱ्या ठरल्या आणि कोणत्या फसल्या, याचा तक्ता फळ्यावर मांडावा. पुढच्या वेळी घरात कुणी ‘म्हणे’ म्हटले, की तो तक्ता दाखवा आणि विचारा, "ही बातमी यांतल्या कोणत्या रकान्यात घालू?"