स्टेडियम कोणासाठी? मुंबईच्या मैदानांवरून एक पाठ



कोटंबीच्या नव्या स्टेडियमवर सामना झाला की दुसऱ्या दिवशी वर्गात दोन गोष्टींची चर्चा होते. कोणी किती धावा केल्या ही पहिली आणि तिकीट कोणाला मिळाले ही दुसरी. धावांचा हिशेब वर्तमानपत्रात छापून येतो. तिकिटांचा हिशेब फारसा कोणी मांडत नाही. म्हणून या अंकातील पाठासाठी आम्ही तो विषय निवडला आहे.

मोठे स्टेडियम उभे राहते तेव्हा तीन प्रश्न विचारावेत. जमीन कोणाची? खुर्च्या वाटण्याचा अधिकार कोणाचा? आणि सामना नसेल त्या दिवशी मुलांनी खेळायचे कोठे? हे प्रश्न आपण मुंबईला लावून पाहू. मुंबईच का? कारण तेथे शहराच्या दक्षिण टोकाला, एकमेकांपासून चालत जाता येईल अशा अंतरावर, कसोटी क्रिकेटने अवघ्या ४२ वर्षांत तीन घरे केली. प्रत्येक वेळी घर बदलण्याचे कारण वेगळे होते, पण भांडण बहुतेक वेळा एकाच गोष्टीवरून झाले.

पहिले घर : जिमखाना, १९३३

भारतातील पहिला कसोटी सामना डिसेंबर १९३३ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर झाला. इंग्लंडचा कर्णधार होता डग्लस जार्डिन आणि आपले कर्णधार होते सी. के. नायडू. लाला अमरनाथ यांनी दुसऱ्या डावात ११८ धावा काढल्या. कसोटीत भारतीयाने केलेले हे पहिले शतक. प्रेक्षकांसाठी मैदानाभोवती तात्पुरते मांडव घातले होते.

आता पहिला प्रश्न विचारू. हे मैदान कोणाचे? जिमखाना युरोपियनांचा होता आणि त्या काळी भारतीयांना तेथे सभासदत्व मिळत नसे. म्हणजे आपला संघ आपल्याच शहरात खेळला तो दुसऱ्याच्या अंगणात. भारतीय क्रिकेटला स्वतःचे घर हवे ही गरज येथेच स्पष्ट होते.

दुसरे घर : ब्रेबॉर्न, १९३७

त्याच १९३३ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियाची स्थापना झाली होती. अँथनी डिमेलो यांनी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न यांचे मन वळवले आणि बॅकबेला समुद्रात भर घालून तयार झालेल्या जमिनीवर क्लबला जागा मिळाली. १९३७ मध्ये स्टेडियम खुले झाले व त्याला गव्हर्नरांचे नाव दिले गेले. पक्क्या पायऱ्या, क्लबची इमारत, खेळाडूंच्या निवासाची सोय, असे मैदान देशाने तोवर पाहिले नव्हते.

परंतु पहिल्याच वर्षी वाद झाला. त्या काळी मुंबईत धर्मावर आधारलेल्या संघांची पंचरंगी स्पर्धा चाले. १९३७ च्या स्पर्धेत हिंदूंचा संघ उतरलाच नाही. कारण खेळाचे नव्हते. नव्या स्टेडियममध्ये हिंदू जिमखान्याच्या वाट्याला येणाऱ्या जागा कमी आहेत, हे त्याचे कारण होते. भिंतींचा रंग ओला असतानाच खुर्च्यांचे भांडण सुरू झाले, असे म्हणायला हरकत नाही.

ब्रेबॉर्नवर १९४८ पासून कसोटी सामने होऊ लागले आणि पंचवीस वर्षे मुंबईकरांना क्रिकेट म्हटले की हेच मैदान आठवे. मात्र दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तेथे अवघड होते. स्टेडियम क्लबच्या मालकीचे आणि सामना भरवणारी संस्था निराळी, म्हणजे बॉम्बे क्रिकेट असोसिएशन. आपल्या संलग्न क्लबांसाठी जास्त जागा मिळाव्यात ही असोसिएशनची मागणी होती. घरमालक क्लब तितक्या जागा सोडायला तयार नव्हता. मालक एक आणि यजमान दुसरा असला की पंगतीत पाने कोणाची मांडायची यावरून कुरबूर होणारच.

तिसरे घर : वानखेडे, १९७५

हा वाद मिटला नाही. असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे त्या वेळी महाराष्ट्र विधानसभेचेही अध्यक्ष होते. त्यांनी स्वतःचे स्टेडियम बांधायचे ठरवले. चर्चगेट स्थानकाजवळ, रेल्वेच्या रुळांना लागून, ब्रेबॉर्नपासून जेमतेम एक किलोमीटरच्या आत, राज्य शासनाची जमीन भाडेपट्ट्याने मिळाली. शशी प्रभू यांच्या आराखड्यानुसार सुमारे १३ महिन्यांत स्टेडियम उभे राहिले. एक चांगले स्टेडियम जवळच असताना दुसरे बांधले गेले, त्याला कारण केवळ जागांचा वाद. ही गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी.

जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी झाली. क्लाइव्ह लॉइड याने नाबाद २४२ धावा केल्या. द्विशतक होताच एक तरुण त्याचे अभिनंदन करायला मैदानात धावत गेला. पोलिसांनी त्याला मारहाण केली, ते पाहून प्रेक्षक खवळले आणि खेळ थांबवावा लागला. नव्या वास्तूचा पहिलाच सामना, आणि प्रेक्षकांशी कसे वागायचे याची तयारी मात्र अपुरी. सिमेंट तेरा महिन्यांत सुकते, माणसांची व्यवस्था शिकायला अधिक वेळ लागतो.

त्याच सामन्यात एकनाथ सोलकर यांनी १०२ धावा केल्या. त्यांच्या कसोटी कारकिर्दीतले हे एकमेव शतक. सोलकरांचे वडील मरीन लाइन्सच्या हिंदू जिमखान्यावर मैदानाची देखभाल करीत आणि सारे कुटुंब तेथेच एका खोलीत राहत असे. लहानपणी एकनाथ सामन्यांच्या वेळी धावफलकाचे आकडे बदलत. तो जिमखाना वानखेडेपासून चालत जाण्याइतका जवळ आहे. ज्या मुलाने दुसऱ्यांच्या धावा फलकावर लावल्या, त्याच्या शंभर धावा शहराच्या सर्वांत नव्या फलकावर लागल्या.

बडोदेकरांनाही वानखेडेची एक आठवण आहे, जराशी बोचरी. १० जानेवारी १९८५ रोजी मुंबईच्या रवी शास्त्रीने एका षटकात सहा षटकार मारले. गोलंदाज तिलक राज आपल्या बडोद्याचा होता!

२०११ : जुनाच प्रश्न पुन्हा

विश्वचषकासाठी वानखेडेची पुनर्बांधणी झाली. पूर्वी तेथे सुमारे ४५,००० प्रेक्षक बसत. बाकांच्या जागी स्वतंत्र खुर्च्या आल्या आणि ही संख्या सुमारे ३३,००० वर आली. सोय वाढली की जागा घटते, हा साधा हिशेब आहे. काम चालू असताना डिसेंबर २००९ मध्ये श्रीलंकेविरुद्धची कसोटी ब्रेबॉर्नवर झाली. ३६ वर्षांनी जुने घर उपयोगी पडले आणि वीरेंद्र सेहवागने तेथे २९३ धावा केल्या. जुने मैदान मोडले नव्हते म्हणून हे शक्य झाले.

२ एप्रिल २०११ च्या अंतिम सामन्यासाठी सर्वसामान्यांना विकायला निघालेली तिकिटे सुमारे ४,००० होती. बाकीची मुख्यतः संलग्न क्लब, आंतरराष्ट्रीय संघटना आणि निमंत्रित यांच्यासाठी होती. तिकीटविक्रीच्या संकेतस्थळावर लोकांची इतकी झुंबड उडाली की ते कोलमडले. जागा अपुऱ्या मिळतात म्हणून बांधलेल्या स्टेडियममध्ये सामान्य माणसाच्या वाट्याला आठांतली एक खुर्चीही आली नाही.

येथे दुसरी बाजूही सांगायला हवी. क्लबांना तिकिटे देणे हा निव्वळ अन्याय नव्हे. भर पावसात कांगा लीग खेळणारे, मुलांना चेंडू-बॅट पुरवणारे, खेळपट्ट्या राखणारे हेच क्लब असतात. त्यांचा हक्क आहेच. प्रश्न प्रमाणाचा आहे, आणि ते प्रमाण आधी जाहीर होते की नाही याचा आहे. वाटा लहान असला तरी नियम माहीत असेल तर माणूस समजून घेतो. नियमच झाकलेला असेल तर मनात संशय येतो.

तिसरा प्रश्न राहिला. मुंबईची मुले खेळतात कोठे? आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, शिवाजी पार्क येथे. सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी फेब्रुवारी १९८८ मध्ये शाळेसाठी ६६४ धावांची भागीदारी केली ती आझाद मैदानावर. तेथे ना तिकीट लागते, ना ठरलेली खुर्ची. स्टेडियममध्ये खेळाडू दिसतो, पण तो घडतो मोकळ्या मैदानावर. ज्या शहराने स्टेडियम बांधताना मैदाने राखली, त्याला दोन्ही मिळाले.

आपले बडोदे

आपल्याकडेही असाच प्रवास झाला. राजवाड्याच्या आवारातील मोतीबागेवर १९८८ मध्ये मोहम्मद अझरुद्दीनने न्यूझीलंडविरुद्ध ६२ चेंडूंत शतक केले, ते त्या काळचे सर्वांत जलद एकदिवसीय शतक होते. पुढे आंतरराष्ट्रीय सामने आयपीसीएलच्या मैदानावर गेले आणि २०१० नंतर अनेक वर्षे शहरात पुरुषांचा असा सामनाच झाला नाही. मग हालोल रस्त्यावर कोटंबीला बडोदा क्रिकेट असोसिएशनचे स्वतःचे स्टेडियम झाले. २२ डिसेंबर २०२४ रोजी तेथील पहिला आंतरराष्ट्रीय सामना महिलांचा झाला, याचा आम्हाला विशेष आनंद वाटतो.

मोतीबाग शहरात होती, कोटंबी शहराबाहेर आहे. तेथे गाड्या लावायला जागा आहे, पण ज्याच्याकडे गाडी नाही त्या आजोबांनी आणि मुलांनी जायचे कसे? मुंबईत लोकलने उतरून पायी स्टेडियम गाठता येते. म्हणून नव्या स्टेडियमबरोबर बसची सोयही मागितली पाहिजे.

आणि आपली शाळा

आपल्या शाळेच्या मैदानाच्या एका बाजूला प्रेक्षकांसाठी पायऱ्या बांधाव्यात अशी सूचना विश्वस्त मंडळापुढे आली आहे. क्रीडामहोत्सवात पालकांना उन्हात उभे राहावे लागते आणि आजी-आजोबांना येताच येत नाही, ही अडचण खरी आहे. पण पायऱ्यांत जाणारी पट्टी म्हणजे पाचवी ते सातवीच्या मुलामुलींची खो-खोची जागा. महोत्सव वर्षातून दोन दिवस असतो, खो-खो रोज असतो.

आम्हाला वाटते, पायऱ्या व्हाव्यात, परंतु भिंतीलगत आणि कमी रुंदीच्या, म्हणजे खो-खोचे अंगण शाबूत राहील. आणि वीट रचण्यापूर्वी एक गोष्ट लिहून फळ्यावर लावावी : कोणत्या रांगा कोणासाठी. पहिली रांग वृद्धांना व लहान मुलांना द्यावी, पाहुण्यांना आणि आम्हा शिक्षकांना दुसरी चालेल. विश्वस्त मंडळींविषयी आमच्या मनात आदरच आहे, आणि तो आहे म्हणूनच ही विनंती मोकळेपणाने करत आहोत.

स्वाध्याय

१. ब्रेबॉर्न जवळ असताना वानखेडे का बांधले गेले? दोन वाक्यांत लिहा.
२. ३३,००० खुर्च्यांपैकी ४,००० म्हणजे शेकडा किती?
३. शंभर खुर्च्यांचे स्टेडियम तुमच्या हाती दिले तर खेळाडूंचे घरचे लोक, क्लब, शाळकरी मुले, सामान्य प्रेक्षक आणि पाहुणे यांत कशा वाटाल? कारणे द्या.
४. घरातील मोठ्यांना विचारा : मोतीबागेवर त्यांनी कोणता सामना पाहिला, कसे गेले, कोठे बसले?
५. मधल्या सुट्टीत आपल्या मैदानाचा कोणता भाग कोण वापरते याचा आठवडाभर तक्ता करा.

पाचव्या प्रश्नाचे तक्ते वर्गशिक्षकांकडे द्यावेत. पायऱ्यांविषयी निर्णय होण्यापूर्वी ते विश्वस्त मंडळापुढे ठेवले जातील. तिसऱ्या प्रश्नाची निवडक उत्तरे पुढील अंकात छापू.