चुंबकाजवळ कोणता चाकू?

प्रश्न : एमआरआयच्या खोलीत देखभालीचं काम करताना खिशात स्टेनलेस स्टीलचा चाकू चालेल का?

उत्तर : नाही. स्टेनलेसला चुंबक चिकटत नाही हा समज ३०४ जातीच्या भांड्यांवरून आला. धार धरणारं ४२० किंवा ४४०सी स्टील मात्र ओढलं जातंच. चाकू एवढासा असला तरी १.५ टेस्लाचं यंत्र तो हिसकावून घेतं, आणि तपासणी थांबली तरी त्यातला अतिवाहक चुंबक चालूच असतो. पातं टायटॅनियमचं घ्या. त्याची धार लवकर बोथट होते हा आक्षेप खरा, पण टेप-दोरी कापायला ती पुरते. सिरॅमिकची धार टिकते, पण उचकटायला वापरलंत तर पातं तुटतं. घडीच्या चाकूत दगा देतात ते स्प्रिंग, स्क्रू आणि क्लिप. प्रत्येक भागाला छोटा निओडिमियम चुंबक लावून पाहा. जराशी ओढ जाणवली, तरी चाकू बाहेरच ठेवा. ओढ नसली, तरी आत नेण्याआधी तिथल्या सुरक्षा-जबाबदार व्यक्तीची परवानगी घ्याच.