बारावीनंतर इमर्जन्सी पॅरामेडिक: प्रवेशाआधी काय विचाराल?

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याहून नाशिकचं मोठं रुग्णालय गाठायचं तर घाट चढून लांबचा प्रवास करावा लागतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावली, तर बऱ्याचदा फारसं दुखतही नाही. पुढे पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि श्वासाचे स्नायू लुळे पडतात. सर्पविषावरचं प्रतिविष दिलं तरी अशा रुग्णाला वाटेत कुणीतरी श्वास देत राहावं लागतं. हे कौशल्य पॅरामेडिकच्या, म्हणजे रुग्णालय गाठेपर्यंत रुग्णाला सांभाळणाऱ्याच्या, शिक्षणाचा गाभा आहे.

काम नेमकं काय?

श्वास चालू ठेवण्याचा एक मार्ग म्हणजे श्वासनलिकेत नळी घालणं; त्याला इंट्युबेशन म्हणतात. मानेला मार, तोंडात रक्त किंवा उलटी, हलती गाडी यांमुळे ते अवघड होतं. ऑक्सिजन थांबला की काही मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते. म्हणून आधी सक्शन (तोंडातलं रक्त-उलटी ओढून काढणं), जबडा पुढे उचलणं आणि बॅग-मास्क (तोंडावर मास्क धरून पिशवीने श्वास देणं) शिकवतात. आय-जेल हे श्वास देण्याचं साधन घशात स्वरयंत्राच्या वर बसतं, त्यामुळे ते लवकर बसवता येतं. नळीच घालायची तर बूजी (नळीला वाट दाखवणारी लवचीक कांडी) आणि व्हिडिओ लॅरिंगोस्कोप (घशात पाहायचा कॅमेरा) मदतीला येतात. नळी योग्य जागी आहे का, हे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ सांगतो.

ब्रिटनमधल्या ‘एअरवेज-२’ अभ्यासात (२०१८) हृदय बंद पडलेले ९,२९६ रुग्ण होते. आय-जेल आणि नळी यांच्या परिणामांत त्यात लक्षणीय फरक दिसला नाही. नळीचा हट्ट न धरता श्वास चालू ठेवतो, तोच चांगला पॅरामेडिक.

पालकांनो, हे तपासा

महाराष्ट्रात १०८ ही आपत्कालीन रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. तिच्या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो, त्यामुळे फक्त १०८ च्या भरवशावर प्रवेश घेऊ नका. रुग्णालयांचे अपघात विभाग, खासगी रुग्णवाहिका आणि मोठे कारखाने इथे कोणती पदं भरली जातात, याची चौकशी करा.

संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी २०२१ मध्ये केंद्रीय कायदा झाला, त्यात पॅरामेडिकचं क्षेत्रही येतं. अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आहे का, इंटर्नशिप कुठल्या रुग्णालयात आहे, पुतळ्यावर आणि रुग्णवाहिकेत सराव किती मिळतो, हे संस्थेकडून लेखी घ्या. शिकून गेलेल्या विद्यार्थ्यांशीही बोला.

रात्रपाळी आहे, ताण आहे, समोर मृत्यूही येतो. मुलाशी किंवा मुलीशी हे घरात मोकळेपणाने बोला. त्यानंतरही त्यांची तयारी असेल, तर त्यांना अडवू नका. दुर्गम तालुक्यांना अशा हातांची गरज आहे.