रोवलेले केस टिकले, मग टक्कल पुन्हा का?

लग्न जुळवायच्या वयात केस विरळ झाले की आसगाव-पवनीकडच्या पोरांचीही नजर नागपूरच्या जाहिरातींकडे जाते. हप्त्यावर हेअर ट्रान्सप्लांट करण्याआधी हे वाचा.

पुरुषांचे टक्कल बहुधा आनुवंशिक असते. डीएचटी या संप्रेरकाने कपाळ व टाळूवरचे केस बारीक होत गळतात, डोक्यामागचे सहसा टिकतात. मागचे मूळ पुढे लावले तरी गुण सोडत नाही, हे न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ओरेन्ट्राइक यांनी १९५९ साली मांडले. धानाचे पऱ्हे दुसऱ्या बांधीत रोवले म्हणून वाण बदलतो का? तसेच हे.

पण शस्त्रक्रिया केस हलवते, टक्कल थांबवत नाही. भोवतीचे मूळचे केस गळतच राहतात आणि काही वर्षांनी रोवलेल्यांचे नुसते बेट उरते. विशीत घाई करणाऱ्यांना हा धोका जास्त, कारण टक्कल कुठवर जाईल हे तेव्हा कळत नाही. मागचा साठाही थोडाच. (पहिल्या काही आठवड्यांतली गळ वेगळी, मूळ शाबूत असते, तीन-चार महिन्यांनी केस उगवू लागतात.)

वर्षांनंतर गळ सुरू झाली तर तेलांवर पैसे घालू नका. रक्तक्षय, थायरॉईड, मोठा ताप यांनीही केस जातात. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात किंवा नागपूरच्या मेडिकलमध्ये दाखवा. मिनॉक्सिडिल, फिनास्टेराइड ही औषधे डॉक्टरांना विचारूनच घ्या. बंद केली की गुण ओसरतो. फिनास्टेराइडच्या फुटक्या गोळीला गर्भवतीने हात लावू नये.

यूट्यूब पाहून ही शस्त्रक्रिया शिकता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये बजावले आहे. पैसे भरण्याआधी विचारा, डोक्याला हात डॉक्टर लावणार की मदतनीस?