मंदगती टकरी आणि वाहनाच्या मागील बंपरचे संरक्षण

रस्ता सुरक्षेचा विचार करताना महामार्गांवरील भरधाव वाहनांचे भीषण अपघात साहजिकच प्रथम डोळ्यांसमोर येतात. तथापि, शहरांतील कोंडलेले रस्ते, गृहनिर्माण संस्थांची अरुंद आवारे आणि बाजारपेठांतील वाहनतळ येथे ताशी ५ ते १० किलोमीटर वेगाने होणाऱ्या लहानसहान टकरी हाही वाहनधारकांच्या नित्य अनुभवाचा भाग आहे. अशा टकरीत सर्वांत आधी आघात सोसतो तो बंपर. वाहन मागे घेताना भिंतीवर, खांबावर वा दुसऱ्या वाहनावर आदळणे आणि सिग्नलपाशी थांबले असता मागील वाहनाने येऊन धडकणे, हे मागील बंपरच्या नुकसानीचे दोन प्रमुख प्रकार होत.

वरवर पाहता हा प्रश्न केवळ दुरुस्तीच्या खर्चाचा वाटतो. परंतु वाहनाच्या मागे नेहमी भिंतच असते असे नाही. तेथे खेळणारे मूल किंवा संथ गतीने चालणारी वृद्ध व्यक्तीही असू शकते. बंपरला पोचा पाडणारा वेग मानवी शरीराला गंभीर इजा करण्यास पुरेसा ठरतो. म्हणूनच मागील बंपरच्या संरक्षणाचे उपाय निवडताना त्यांमुळे माणसाची सुरक्षितता वाढते की घटते, हा निकष सर्वप्रथम लावला पाहिजे.

बंपरची रचना

बाहेरून दिसणारा रंगीत भाग म्हणजे संपूर्ण बंपर नव्हे. ते केवळ आवरण असते व बहुधा पॉलिप्रॉपिलीन या लवचिक प्लास्टिकपासून बनविलेले असते. त्याच्या आत अनेक गाड्यांत फोमचा किंवा पोकळ प्लास्टिकचा ऊर्जाशोषक थर असतो. त्यामागे पोलादाची वा ॲल्युमिनियमची आडवी तुळई असते आणि ती चुरगळणाऱ्या आधारपेट्यांच्या साहाय्याने गाडीच्या मूळ सांगाड्याला जोडलेली असते. कमी किमतीच्या काही लहान गाड्यांत मागील बाजूस हे सर्व घटक नसतात. त्यामुळे दोन गाड्यांचे बंपर बाहेरून सारखे दिसले तरी आघात सोसण्याची त्यांची क्षमता भिन्न असू शकते.

या रचनेमागील तत्त्व सोपे आहे. आघात झाल्यावर आवरण वाकावे, फोम दबावा, आधारपेट्या चुरगळाव्यात आणि सांगाडा शाबूत राहावा. बंपर स्वतः मोडून इतर भाग वाचवतो. त्याचे मोडणे हा दोष नसून ते त्याचे नेमून दिलेले कार्य होय.

वेग आणि आघात यांचे गणित

गतिमान वस्तूची ऊर्जा तिच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १,००० किलोग्रॅम वजनाची गाडी ताशी ५ किलोमीटर वेगाने जात असता तिच्यात सुमारे ९६५ ज्यूल गतिज ऊर्जा असते. वेग दुप्पट, म्हणजे ताशी १० किलोमीटर झाला की हीच ऊर्जा चौपट होऊन सुमारे ३,८६० ज्यूल होते. चालकाला ५ आणि १० किलोमीटर यांतील फरक फारसा जाणवत नाही. बंपरला मात्र चौपट ऊर्जा पचवावी लागते.

दुसरा महत्त्वाचा घटक म्हणजे गाडी किती अंतरात थांबते. ताशी ५ किलोमीटर वेगाची ही गाडी भक्कम भिंतीवर आदळून ५ सेंटीमीटर अंतरात थांबली, तर सरासरी बल सुमारे १९,३०० न्यूटन इतके होते. ऊर्जाशोषक थरामुळे हे अंतर १० सेंटीमीटर झाले, तर बल निम्म्यावर येते. उलट, मध्ये काहीच दबणारे नसून गाडी अवघ्या १ सेंटीमीटरमध्ये थांबली, तर तेच बल ९६,००० न्यूटनच्या पुढे जाते. मऊ वस्तू आघाताला वेळ देते, कठीण वस्तू तो जसाच्या तसा पुढे ढकलते. संरक्षणाच्या कोणत्याही साधनाची पारख याच कसोटीवर करावी.

नियमांची वाटचाल

मंदगती टकरींसाठी नियम करण्याचा मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. १९७३ च्या मॉडेलपासून तेथे मोटारींच्या पुढील बंपरने ताशी ५ मैल, म्हणजे सुमारे ८ किलोमीटर, व मागील बंपरने ताशी अडीच मैल वेगाचा आघात सुरक्षिततेशी संबंधित भागांची हानी न होता सोसावा, असे बंधन घालण्यात आले. पुढे मागील बंपरसाठीही ५ मैलांची मर्यादा लागू झाली. जड बंपरमुळे वाढणारे वजन आणि खर्च यांचा वाद होऊन १९८२ मध्ये ही मर्यादा पुन्हा अडीच मैलांवर आणण्यात आली. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या ४२ व्या विनियमातही सरळ आघातासाठी ताशी ४ किलोमीटर आणि कोपऱ्यावरील आघातासाठी ताशी अडीच किलोमीटर असा चाचणीचा वेग ठरविण्यात आला. जगभरातील बंपरकडून केलेली अपेक्षा किती मर्यादित आहे, हे यावरून स्पष्ट होते.

भारतात १ ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही मोटारींना सुरक्षिततेचे तारे देणारी योजना लागू झाली. तिच्यातील धडक चाचण्या प्रवाशांच्या जीविताच्या रक्षणासाठी असून पुढील व बाजूच्या आघातांशी संबंधित आहेत. या ताऱ्यांवरून मागील बंपरच्या दुरुस्तीला किती खर्च येईल याचा अंदाज बांधता येत नाही.

पोलादी गार्ड : संरक्षणाचा आभास

बंपर वाचविण्यासाठी त्यावर पोलादी नळ्यांचा गार्ड बसविण्याची प्रथा देशभर रूढ झाली होती. ती अद्याप पूर्णपणे नाहीशी झालेली नाही. असा गार्ड सहसा थेट सांगाड्याला जोडला जातो. परिणामी आघाताचे बल आवरण, फोम व आधारपेट्या यांना वगळून सांगाड्यापर्यंत पोहोचते. बंपरवर ओरखडा उमटत नाही, परंतु सांगाडा वाकण्याची शक्यता वाढते आणि मागून धडक बसल्यास प्रवाशांच्या मानेला बसणारा हिसकाही तीव्र होऊ शकतो. पादचारी आणि दुचाकीस्वार यांच्या दृष्टीने तर उघडी पोलादी नळी अधिकच घातक असते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या उत्पादकाने निश्चित केलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल करता येत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून अनधिकृत क्रॅश गार्ड व बुल बार यांच्याविरुद्ध कारवाई करण्यास कळविले. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मुभा नसल्याचे स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १८२-अ नुसार अनधिकृत बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

मालमोटारींच्या मागील बाजूस असणारा आडवा पोलादी दांडा मात्र वेगळ्या हेतूने बसविलेला असतो. लहान वाहन मालमोटारीखाली घुसू नये यासाठी तो नियमानेच आवश्यक आहे. तो काढून टाकणे किंवा वाकलेल्या अवस्थेत तसाच ठेवणे जीवघेणे ठरते.

गाडीच्या बंपरसाठी निर्धोक पर्यायही उपलब्ध आहेत. कोपऱ्यांवर चिकटविण्याच्या रबरी पट्ट्या किरकोळ ओरखडे टाळतात. सेन्सर, दिवे आणि नोंदणी क्रमांकाची पाटी झाकली जाणार नाही, एवढी काळजी घेणे आवश्यक आहे.

सेन्सर आणि कॅमेरा

१ जुलै २०१९ पासून भारतात उत्पादित होणाऱ्या नव्या प्रवासी मोटारींत मागे घेताना सूचना देणारे सेन्सर अनिवार्य झाले. बंपरमधील हे सेन्सर मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडतात आणि अडथळ्यावरून परतणाऱ्या लहरींना लागलेल्या वेळेवरून अंतर मोजतात. १ मीटरवरील अडथळ्यावरून लहर परत येण्यास सुमारे ६ मिलिसेकंद, म्हणजे एका सेकंदाचा अत्यल्प अंश पुरतो.

यंत्राच्या या तत्परतेचा लाभ चालकाच्या वेगावर अवलंबून असतो. ताशी ५ किलोमीटर वेगाने मागे जाणारी गाडी १ मीटर अंतर पाऊण सेकंदाच्या आत ओलांडते. सूचना ऐकून पाय ब्रेकवर नेईपर्यंतच एवढा वेळ निघून जातो. वेग ताशी २ किलोमीटर ठेवल्यास त्याच अंतराला पावणेदोन सेकंदांहून अधिक अवधी मिळतो.

सेन्सरच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्या लागतात. बारीक सळई, ताणलेली तार, बंपरच्या पातळीखालील दगड किंवा पदपथाची कड त्यांच्या टप्प्यातून निसटू शकते. जाड कापडासारखे मऊ पृष्ठभाग ध्वनिलहरी शोषून घेतात, तर तिरप्या पृष्ठभागावरून त्या भलतीकडे वळतात. सेन्सरवर चिखल साचल्यास चुकीच्या सूचना मिळतात. कॅमेऱ्याने खालचा भाग दिसतो, मात्र पावसाचे थेंब व धूळ यांमुळे चित्र अस्पष्ट होते. अमेरिकेत मे २०१८ पासून सर्व नव्या हलक्या वाहनांत मागील दृश्य दाखविणारी यंत्रणा बंधनकारक झाली. त्यामागील प्रेरणा बंपर वाचविण्याची नसून वाहन मागे घेताना चिरडल्या जाणाऱ्या बालकांचे प्राण वाचविण्याची होती.

चालकाच्या सवयी आणि वाहनतळाची रचना

कोणत्याही उपकरणाहून अधिक परिणामकारक ठरतात त्या काही साध्या सवयी :

• गाडीत बसण्यापूर्वी तिच्या मागील बाजूने फेरी मारून जागा मोकळी असल्याची खात्री करावी. लहान मुले जवळ असल्यास ती दुसऱ्या मोठ्या व्यक्तीच्या हाताला धरलेली असावीत.

• शक्य तेथे गाडी मागे घेत जागेत उभी करावी, म्हणजे बाहेर पडताना समोरची रहदारी स्पष्ट दिसते.

• मदतीला माणूस उभा करायचा तर तो गाडीच्या थेट मागे नसून बाजूला, आरशात दिसेल असा असावा. तो दिसेनासा होताच गाडी थांबवावी.

• पुढील वाहनापासून पुरेसे अंतर राखावे. सिग्नलपाशी पुढील गाडीची मागील चाके रस्त्याला टेकलेली दिसावीत इतकी जागा सोडल्यास धडकांची साखळी टळते.

• ब्रेकचे दिवे दर आठवड्याला तपासावेत. मागून येणाऱ्या चालकाला वेळीच सूचना मिळणे हेच मागील बंपरचे पहिले कवच होय.

गृहनिर्माण संस्थांनाही अल्प खर्चात पुष्कळ करता येते. चाकांना अडविणारे ठोकळे बसविताना चाकापासून बंपरच्या टोकापर्यंतचे अंतर विचारात घ्यावे, अन्यथा चाक ठोकळ्याला टेकण्यापूर्वीच बंपर भिंतीवर आदळतो. खांबांच्या कोपऱ्यांवर रबरी आच्छादने बसवावीत, खांब पिवळ्या-काळ्या पट्ट्यांनी रंगवावेत आणि तळघरात पुरेसा प्रकाश ठेवावा.

टक्कर झाल्यानंतर

लवचिक आवरण आघातानंतर पूर्ववत होते. त्यामुळे आतील तुळई वा आधारपेट्या वाकल्याचे बाहेरून कळत नाही. डिकीचे झाकण नीट बसत नसेल, आवरण व शेजारचा पत्रा यांमधील फट असमान दिसत असेल किंवा सेन्सर अकारण वाजत असतील, तर आवरण काढून तपासणी करून घ्यावी. एकदा चुरगळलेली आधारपेटी दुसऱ्यांदा तेवढे संरक्षण देत नाही.

केवळ तृतीय पक्ष विमा असल्यास स्वतःच्या बंपरची भरपाई मिळत नाही. सर्वसमावेशक विम्यातही प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा आकारला जातो. शिवाय १,५०० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीसाठी १,००० रुपये व त्यावरील मोटारीसाठी २,००० रुपये मालकाने सोसावे लागतात. दाव्यामुळे ‘नो क्लेम बोनस’ही जातो. उदाहरणादाखल, लहान मोटारीचे आवरण ६,००० रुपयांचे व मजुरी ३,००० रुपये धरल्यास घसाऱ्याचे ३,००० आणि अनिवार्य वजावटीचे १,००० जाऊन ५,००० रुपये मिळतील. स्वतःच्या नुकसानीसाठीचा मूळ हप्ता १०,००० रुपये असेल आणि दावा न केल्यास पुढील वर्षी ४५ टक्के बोनस मिळणार असेल, तर दाव्यामुळे त्या एका वर्षातच ४,५०० रुपयांचा लाभ बुडतो. मूळ हप्ता तोच राहिल्यास त्यापुढील वर्षी ५० ऐवजी २० टक्केच बोनस मिळून आणखी ३,००० रुपये जातात. म्हणजे ५,००० रुपयांसाठी दोन वर्षांत ७,५०० रुपये गमवावे लागतात. घसारामुक्त संरक्षण किंवा बोनस सुरक्षित ठेवणारी जोड घेतली असल्यास हा हिशेब बदलतो. म्हणून दावा दाखल करण्यापूर्वी आपली पॉलिसी वाचून आकडेमोड करणे हिताचे ठरते.

मागील बंपरचे खरे संरक्षण पोलादाच्या जाडीत नाही. आघात पचविणारी मूळ रचना अबाधित ठेवणे, वेग चालण्याच्या गतीपेक्षाही कमी राखणे आणि मागे काय आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे, या तीन गोष्टींत ते सामावलेले आहे. त्यांपैकी एकीसाठीही मोठा खर्च करावा लागत नाही. भिंतीवर आदळलेला बंपर बदलता येतो. वाहनामागे नकळत आलेल्या बालकाच्या बाबतीत अशी दुसरी संधी मिळत नाही, हे वाहन मागे घेणाऱ्या प्रत्येक चालकाने ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.