मुलाच्या वेषासाठीं पट्ट्यापट्ट्यांचा गळपट्टा

शाळेच्या स्नेहसंमेलनांत एखादें लहान मूल वेष करून रंगभूमीवर येतें, तेव्हां तें कोणाची भूमिका करीत आहे हें प्रेक्षकांस पुष्कळदां एकाच वस्तूवरून कळतें. पंचा आणि काठी दिसली कीं महात्माजी ओळखूं येतात. तद्वत् नाना रंगांच्या पट्ट्यांचा लांबलचक लोंकरी गळपट्टा दिसला कीं ब्रिटनमधील मुलें ‘डॉक्टर’ म्हणून ओळखतात.

हा डॉक्टर म्हणजे बी. बी. सी.ने १९६३ सालीं सुरू केलेल्या ‘डॉक्टर हू’ या दूरचित्रवाणीवरील नाट्यमालेचा कालप्रवासी नायक होय. १९७४ पासून १९८१ पर्यंत ही भूमिका टॉम बेकर या नटानें केली. त्याच्या गळपट्ट्याची जन्मकथा मोठी गमतीची आहे. वेषरचनाकार जेम्स ॲचेसन यांनीं निरनिराळ्या रंगांची पुष्कळ लोंकर बेगोनिया पोप या विणकाम करणाऱ्या बाईंकडे दिली. बाईंनीं ती सगळीच्या सगळी विणून टाकली! पट्टा नटाच्या उंचीहूनही कितीतरी लांब झाला. तरी तो तसाच ठेवण्यांत आला आणि पुढें तीच त्या पात्राची खूण ठरली.

सहा फुटांहून उंच अशा त्या नटास तो शोभला. परंतु चार फूट उंचीच्या मुलाच्या गळ्यांत असा पट्टा घातला तर तो पायांत येईल, दाराच्या कडींत अडकेल किंवा सोबत्याच्या मुठींत सांपडेल. ही भीति केवळ कल्पनेची नव्हे. इझाडोरा डंकन ही जगप्रसिद्ध नर्तकी १४ सप्टेंबर १९२७ रोजीं फ्रान्समधील नीस शहरीं उघड्या मोटारींतून जात असतां तिच्या गळ्यांतील लांब रेशमी वस्त्र चाकांत गुंतलें आणि त्यांतच तिचा अंत झाला. म्हणून प्रस्तुत धड्यांत पट्टा दिसण्यांत डॉक्टरच्या पट्ट्यासारखा, परंतु मापानें मुलाचा, आणि ओढ बसतांच सुटणारा असा कसा विणावा हें पाहूं.

माप.— मुलास सरळ उभें करावें. फीत मानेच्या मागील मध्यावर धरून खांद्यावरून पुढें घ्यावी व कमरेपर्यंत सोडावी. चार फूट उंचीच्या मुलासाठीं येथें हें माप २२ इंच धरलें आहे. पट्टा अखंड न विणतां २२ इंचांचे दोन भाग विणावे. मानेमागें एकावर दुसरा एक इंच चढवून ते दोन टिचबटणांनीं जोडावे. याप्रमाणें एकंदर लांबी ४३ इंच होईल. पट्टा गळ्याभोंवतीं गुंडाळूं नये. उपरण्यासारखा दोन्ही खांद्यांवरून पुढें सोडावा. रुंदी पांच इंच पुरे.

साहित्य.— मध्यम जाडीची लोंकर, चार मिलिमीटरची क्रोशाची सुई, बोथट टोंकाची शिवणाची सुई, मापाची फीत आणि दोन टिचबटणें. मूळ पट्टा दोन सुयांवर विणलेला होता. क्रोशाची वीण त्याहून जाड बसते आणि तेवढ्याच मापास लोंकर अधिक घेते, हें ध्यानांत ठेवावें. उकाड्याच्या दिवसांत जाड सुती दोराही चालेल.

नमुना.— उतावीळ विणणारा नमुना टाळतो आणि पुढें सगळा पट्टा उसवीत बसतो. प्रथम १८ साखळ्या घालून १६ खांबांच्या ८ ओळी विणाव्या. तुकडा चार इंच रुंद व चार इंच उंच भरला, तर इंचास चार खांब व दोन ओळी पडल्या. तेव्हां पांच इंच रुंदीस २० खांब आणि २२ इंच लांबीस ४४ ओळी लागतील. हात घट्ट असून तुकडा साडेतीन इंचच रुंद भरला, तर पांच इंचांस २३ खांब घ्यावे. ओळींचा हिशेबही याच रीतीनें करावा.

आतां लोंकरीचा हिशेब. नमुना उसवून त्यास लागलेली लोंकर फुटांनीं मोजावी. त्यांत १६ गुणिलें ८ म्हणजे १२८ खांब होते. दोन्ही भागांत मिळून १७६० खांब आहेत. म्हणजे नमुन्याच्या सुमारें चौदापट लोंकर हवी; शिवाय टोंकांसाठीं व गोंड्यांसाठीं थोडी अधिक. बेगोनियाबाईंच्या पट्ट्याची लांबी लोंकरीनें ठरविली. आपण लांबी आधीं ठरवून मग लोंकर आणावी.

विणकाम.— मानेकडून आरंभ करावा. २२ साखळ्या घालून सुईपासून चौथ्या साखळींत पहिला खांब घालावा. सोडलेल्या तीन साखळ्या एका खांबाच्या जागीं धरल्या म्हणजे ओळींत २० खांब होतात. खांब घालतांना सुईवर दोऱ्याचा वेढा घ्यावा, सुई टांक्यांत घालून दोरा बाहेर ओढावा. सुईवर तीन फांस येतील. पुन्हां दोरा घेऊन दोन फांसांतून काढावा. आणखी एकदां घेऊन उरलेल्या दोहोंतून काढावा. ओळ संपल्यावर काम उलटवून तीन साखळ्या घालाव्या व पुढची ओळ सुरू करावी.

दर ओळीच्या शेवटीं खांब मोजावे. मागील ओळीच्या आरंभीं घातलेल्या तीन साखळ्यांतील सर्वांत वरच्या साखळींत शेवटचा खांब घालावयाचा असतो, आणि नेमका तोच राहून जातो. ही चूक वारंवार झाली कीं पट्टा हळूहळू निमुळता होतो.

रंग बदलणें.— या कामाचें मर्म येथें आहे. प्रत्येक खांब पुरा झाला कीं सुईवर एक फांस उरतो, आणि तोच पुढील टांक्याचा माथा बनतो. म्हणून नवा रंग ओळ संपल्यावर नव्हे, तर जुन्या रंगाच्या शेवटच्या खांबांतील दोन फांस शिल्लक असतांनाच घ्यावा. जुना दोरा सोडून नवा दोरा त्या दोन फांसांतून ओढावा. असें न केल्यास नव्या पट्ट्याच्या कडेस जुन्या रंगाचा ठिपका उमटतो व पट्ट्याची सीमारेषा बिघडते.

मूळ गळपट्ट्यांतील पट्टे समान रुंदीचे नव्हते. कांहीं अरुंद तर कांहीं चांगलेच रुंद होते, आणि हीच त्याची शोभा. पहिल्या भागासाठीं क्रम असा: जांभळा ४ ओळी, तपकिरी ८, मोहरीसारखा पिवळा २, हिरवट १०, विटकरी ४, बदामी ६, राखी २, जांभळा ८, एकूण ४४. दुसऱ्या भागाचा आरंभही जांभळ्या ४ ओळींनींच करावा, म्हणजे मानेमागील जोड दिसणार नाहीं. पुढील क्रम विद्यार्थ्यांनीं स्वतः मांडावा. मात्र प्रत्येक पट्ट्याच्या ओळी सम असाव्या आणि बेरीज ४४ यावी. ओळी सम ठेवल्यानें दोऱ्यांचीं बहुतेक टोंकें एकाच कांठास येतात व तीं लपविणें सोपें जातें.

शेवट.— प्रत्येक टोंक सहा इंच ठेवून कापावें. तें बोथट सुईनें त्याच रंगाच्या ओळींतून एकदां पुढें व एकदां मागें ओवावें. नुसती गांठ मारून कापल्यास तें धुतांना सुटतें. खालच्या कडांस दोन इंचांचे गोंडे लावावे; लांब गोंडे बोटांत गुंततात. दोन भाग असल्यामुळें दोघां विद्यार्थ्यांस किंवा माय-लेकरांस हें काम वांटूनही घेतां येईल.

सर्व झाल्यावर पट्टा मुलाच्या खांद्यांवर घालून एका हातानें मानेमागील जोडाची एक बाजू धरावी, म्हणजे हिसका मानेस बसणार नाहीं. दुसऱ्या हातानें दुसऱ्या बाजूचें टोंक हलकेच ओढावें. टिचबटणें चटकन् सुटून पट्टा हातांत आला, तर काम उत्तम झालें असें समजावें. न सुटल्यास एक बटण काढून पुन्हां पाहावें. ही परीक्षा झाल्यावांचून मुलास तो घालून रंगभूमीवर पाठवूं नये.